चुनखडीखाली

कंपनीची माणसं माळावर रेघा मारायला लागली तेव्हा शिवकन्या शेळ्या घेऊन ओढ्याच्या अंगाला होती. तिनं तिथूनच बघितलं. दोघं दोरी ताणून धरत होते आणि तिसरा मागून डब्यातली फक्की सोडत चालला होता. पांढऱ्या जमिनीवर पांढरी रेघ दिसेना, म्हणून थोड्या वेळानं त्यांनी गेरू आणला. मग रेघा लांबूनही दिसायला लागल्या. तांबड्या, सरळ, ओढ्यापासून थेट वरच्या टेकाडापर्यंत.

आष्टीच्या वरच्या अंगाचं हे गायरान. गावात त्याला पांढरा माळ म्हणत. वर वीतभर माती आणि खाली चुनखडीचा थर. तोही सुटा खड्यांचा नाही, फरशी घातल्यासारखा सलग. त्या थरात पाणी मुरत नसे, झाडाचं मूळ शिरत नसे. कुसळी गवत, तरवड, हिवराची खुरटी झुडपं, दोनचार बोरी, एवढंच तिथं उगवायचं. म्हणून तर ती जमीन कुणाला नको होती. भूमिहीन बौद्धांच्या घरांनी गायरानं वहितीला घेतली त्या वर्षांत शिवकन्येच्या नवऱ्यानं, पुंजारामानं, त्यातलीच एक पट्टी धरली. नांगराचा फाळ थरावर नुसता घासत जायचा आणि मागं पांढरी भुकटी उडायची. तरी त्यानं बाजरी पेरली, हुलगा पेरला, मटकी पेरली, तूर पेरली. पाऊस जास्त झाला की पाणी थरावर तुंबून बाजरी पिवळी पडे. कमी झाला की करपून जाई. मधल्या वर्षी पदरात काही पडायचं. त्या पट्टीवर आणि ऊसतोडीवर त्यांचा संसार झाला, राजानंद वाढला, आष्टीच्या शाळेत जाऊन दहावी झाला.

कुणाकुणाच्या नावावर जमीन झाली. यांच्या झाली नाही. मग सोलर आलं. सोलरला माती नको होती, पाणी नको होतं. लागत होतं ते ऊन, आणि ते माळावर मुबलक होतं. लोक चारदा जालन्याला गेले, कलेक्टर कचेरीपुढं उन्हात बसले, परत आले. शेवटी उभी तूर काढून घ्यायची मुभा मिळाली. पुंजारामानं तूर कापली, घरी आणली, बडवली, पोती भरली. त्यानंतर त्याचं बोलणं कमी झालं. रागानं नव्हे. कुणी विचारलं, "काय पुंजाराम, गेली का जमीन?" तर तो म्हणायचा, "गेली." एसटी गेली का म्हणून विचारल्यावर सांगावं तसं.

शिवकन्येचंही तसंच झालं होतं. बैठक मारून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, मग माणूस वाट बघत बसतं की आता मुंग्या येतील, आता दुखेल. ती तशी वाट बघत होती. काही येत नव्हतं. माळावरची बोर पाडली तेव्हाही ती नुसती बघत राहिली, आणि फांद्या शेळ्यांना चांगल्या म्हणून ओढून घरी घेऊन आली.

राजानंद त्याच कंपनीत कामाला लागला. आधी तो हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊसतोडीला जायचा. आता काम घराजवळ आलं होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं बापाला विचारलं होतं, "दादा, जाऊ का मी तिथं कामाला?"

"जा की," पुंजाराम म्हणाला. "दुसऱ्यानं कुणी जाण्यापरीस बरं."

त्याला भोकं पाडायच्या मशीनवर घेतलं. सोलरच्या प्लेटांचे लोखंडी खांब रोवायला जमिनीत पुरुषभर खोल भोकं लागत. ट्रॅक्टरएवढी एक गाडी होती, तिला पुढं उभा बरमा. ती गाडी राधेश्याम नावाचा माणूस चालवायचा. तो राजस्थानातला होता. बरमा वर येताना जी माती निघे ती फावड्यानं बाजूला सारायची, हे राजानंदचं काम. मागून काँक्रीटचा मिक्सर यायचा. भोकात खांब उभा करून काँक्रीट ओतलं की ती रांग पुढं सरकायची.

बरमा थराला लागला की अख्खा माळ दणाणायचा. पांढरा धुरळा उठायचा आणि राजानंदच्या पापण्या, मिशा, कानाच्या पाळ्या पांढऱ्या व्हायच्या. राधेश्याम दिवसातून दोनदा बरम्याचे दात बदलायचा आणि म्हणायचा, "यहाँ नीचे किसने स्लैब डाल रखा है भाई?"

दुपारी शिवकन्या भाकरी घेऊन जायची. पोराचं जेवण होईस्तोवर ती गाडीच्या सावलीत बसे आणि रांगा मोजल्यासारखी बघत राही. मशीन आधी शेजारच्या पट्टीत होतं. मग ते बांधाजवळ आलं. बांध आता राहिला नव्हता, पण तिला तो कुठून जायचा ते ठाऊक होतं.

एके दिवशी राजानंदनं पाण्याचा घोट घेतला तेव्हा ती म्हणाली, "राजा, आपल्या पट्टीत हे मशीन कधी येईल?"

"उद्या न्हाई तर परवा. का गं?"

"तिथं तुझी बहीण हाय."

राजानंदच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आपल्या आधी एक मुलगी झाली होती आणि ती गेली, एवढं त्याला माहीत होतं. लहान लेकरं गावात ओढ्याच्या काठी पुरतात. तिलाही तिथंच ठेवलं असणार असं तो धरून चालला होता. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"कुठं तिथं?"

"पट्टीत. आपुन तवा माळावरच खोप घालून राह्यचो. न्हाई तर गावातली माणसं पिकात गुरं सोडायची. तिला ताप आल्ता. दवाखान्यातून आणली तवा जरा बरी दिसली, दूध प्याली. मंग दुसऱ्या रोजी सकाळी ती उठलीच न्हाई." शिवकन्या हे शेळीच्या आजारपणाबद्दल सांगावं तशा आवाजात सांगत होती. "बेबीनंदा नाव व्हतं. तुझ्या आजीनं ठेवलं व्हतं."

"मंग ओढ्याला का न्हाई नेलं?"

"मी बी तेच इचारलं. तुझे दादा काही बोलले न्हाईत. पहार घेतली अन् खणत बसले. सकाळचं लागले ते दिवस कलला तरी खणतच व्हते. थर फुटंना. मी तिला मांडीवर घेऊन खोपीच्या दारात बसले व्हते." भाकरीचं फडकं झटकून तिनं त्याची घडी घातली. "मंग जमलेली माणसं म्हणाली, चांगलं केलं पुंजारामा. जिथं आपलं माणूस पुरलं तिथनं आपल्याला कोण उठवील? तवा मला कळलं, कशासाठी ते."

"दादा तसं म्हणले?"

"दादा काहीच म्हणले न्हाईत. न्हाई बी म्हणले न्हाईत."

राजानंदनं उरलेली भाकरी डब्यात ठेवली आणि तो मॅडमकडं गेला.

ज्योत्स्ना मॅडम नांदेडची. या कामावरची इंजिनिअर तीच. वयानं राजानंदपेक्षा लहान असावी. टोपीखाली ओढणी बांधून ती दिवसभर उन्हात फिरायची, आणि कंत्राटदाराची माणसं माघारी तिच्या चालीची नक्कल करायची. राजानंदनं सांगितलं तेव्हा तिनं नकाशा गुंडाळला.

"जागा नक्की माहिती आहे?"

"मायला माहितीय."

"मग उद्या सकाळी दोघांना घेऊन ये. एखादा खांब मला इकडंतिकडं करता येईल. तेवढं मी करीन. पण नेमकी जागा दाखवा. अख्खी पट्टी सोडता यायची नाही मला."

संध्याकाळी राजानंदनं बापाला सांगितलं. पुंजाराम ओट्यावर दोरी वळत बसला होता. ऐकून त्यानं दोरीचा पीळ पायाच्या अंगठ्याखाली दाबला, आणि मान हलवली.

सकाळी तिघं माळावर गेले. ग्रेडर फिरून जमीन सपाट झाली होती. गेरूच्या रेघा, रेघांवर खुंट्या, बाकी काही नाही. शिवकन्या घरून निघताना मनात जागा धरून निघाली होती. खोपीच्या दारात बसलं की समोर, टेकाडाच्या टोकाकडं तोंड करून, साताठ ढांगांवर. पण आता तिला खोपच सापडेना. ती इकडं उभी राहिली, मग तिकडं उभी राहिली. टेकाडाचं टोक दोन्हीकडून सारखंच दिसत होतं.

"हितं," शेवटी ती म्हणाली.

"न्हाई," पुंजाराम म्हणाला. कैक दिवसांत तो आपणहून काही बोलला ते हेच. "बोरीच्या उगवतीला. बोरीची सावली सकाळची तिकडं पडत नव्हती, मला ध्यानात हाय."

"बोर कुठं व्हती मंग?"

पुंजारामानं आजूबाजूला बघितलं. बोरीचं खोडसुद्धा उपटून नेलं होतं. तो चालत गेला, थांबला, दोन पावलं मागं आला आणि टाचेनं मातीत खूण केली.

राजानंदनं आधी आईच्या जागी पहार घातली. वीतभर माती निघाली आणि पहारीचा आवाज बदलला. ठण्ण. त्यानं हातानं माती झाडली. खाली थर होता, पांढरा, गुळगुळीत, कुठंही चीर नसलेला. त्यानं घमेलंभर जागा अजून उघडली. थर तसाच पुढं गेला होता.

"इथं कुणी खणलेलं न्हाई, माय."

मग बापाच्या जागी. तिथंही थर. पुंजाराम गुडघ्यावर बसला आणि त्यावरून तळहात फिरवत राहिला. मग त्यानं अजून एक जागा दाखवली, दोन्हीच्या मधली, आणि तिथं स्वतः पहार घेतली. ठण्ण.

मॅडम लांब उभी होती. राधेश्यामनं गाडी बंद ठेवली होती आणि तो डोक्याचा गमछा काढून खाली बसला होता. ऊन चढलं. माळावर तीन पांढरी ताटं मांडल्यासारखी दिसत होती.

मॅडम जवळ आली. "काका, अजून कुठं बघायचं का? सांगा. मी थांबते."

पुंजारामानं शिवकन्येकडं बघितलं. लोक म्हणतात आईला कळतं. तिला काही कळत नव्हतं. पायाखालची जमीन सगळीकडं सारखीच लागत होती. आपल्याला लाज वाटायला पाहिजे असं तिच्या मनात आलं, पण ती लाजही कुठं आतून आली नाही.

"ऱ्हाऊ द्या," पुंजाराम म्हणाला. "कामाचा खोळंबा नका करू."

दोघं एकामागं एक माळ उतरून गेले. राधेश्यामनं गाडी सुरू केली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मशीन त्यांच्याच पट्टीत चाललं. राजानंद प्रत्येक भोकाची माती बघत होता. सगळी सारखी. आधी वरची भुरी माती, मग पांढरा चुरा, मग खालचा पिवळट मुरूम. प्रत्येक भोकाला दणका, धुरळा, बरम्याची करकर. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते पट्टीच्या खालच्या अंगाला पोचले. आईनं दाखवलेली जागा तिथून बरीच वर राहिली होती, बापाची त्याहून वर. इथं बघावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

राधेश्यामनं बरमा टेकवला. राजानंद नेहमीसारखा धुरळ्यासाठी तोंड फिरवून उभा राहिला. दणका आला नाही. त्यानं वळून बघितलं तर बरमा सरळ खाली चालला होता, विहिरीत पोहरा सोडावा तसा. त्यानं हात वर केला. तोवर बरमा पार बुडाला होता. तळाशी गेल्यावर मुरमाची करकर तेवढी ऐकू आली.

"अरे वाह, ये वाला तो मक्खन निकला," राधेश्याम म्हणाला, आणि मग राजानंदचा वर केलेला हात त्याला दिसला. जागा शोधायच्या त्या सकाळी तोही तिथंच बसलेला होता. त्यानं बरमा हळू वर घेतला आणि गाडी बंद केली.

वर आलेली माती तपकिरी होती. तिच्यात चुनखडीचे खडे होते, पण फुटलेले, मातीत मिसळलेले. कुणीतरी फोडून, बाहेर काढून, पुन्हा सगळं एकत्र आत लोटल्यासारखे. राजानंद खाली बसला आणि त्यानं मातीत हात घातला. माती गार होती. बोटांना काही लागलं नाही. त्यानं फार चाचपलंही नाही.

मग त्याला तूर आठवली. लहान असताना इथं, पट्टीच्या खालच्या टोकाला, तुरीचं एक झाड दरसाल डोक्याएवढं व्हायचं. बाकीची तूर गुडघ्याला लागायची. माय खुरपत असली की तो त्या एका झाडाच्या सावलीत बसायचा. शेंगा खायचा, झोपायचा. सगळ्या पट्टीत सावली होती ती तेवढीच.

"मैडम को बुलाऊँ?" राधेश्यामनं विचारलं.

"बुलाव."

मॅडम आली. तिला सांगावं लागलं नाही. मातीकडं बघून तिनं ओळखलं. मागून मिक्सर गरगरत येत होता, त्याला तिनं हातानं थांबवलं.

"हे बघ राजानंद, मी बोलले होते तसं करते," ती म्हणाली. "हा खांब अलीकडं घेऊ. हे भोक बुजवून टाकू. तुझ्या घरी कळव, त्यांना येऊ दे. आज हे काम इथंच थांबवते."

राजानंद भोकाकडं बघत होता. काळोख आणि गोल कडा. आईला बोलवायचं म्हणजे काय दाखवायला बोलवायचं? बरमा जायचा तो गेला होता. जे काही होतं ते फिरून वर आलं होतं, नाहीतर खाली मुरमात दाबलं गेलं होतं. ती येईल, इथं बसेल, मातीत हात घालील. तिच्या बोटांना काही लागलं तर? आणि नाही लागलं तर? दोन्हींतलं काय बरं, हे त्याला ठरवता येईना. आपल्याला रडू यायला पाहिजे असं त्याला वाटलं. डोळ्यात चुना होता, तेवढीच आग होत होती.

"भोक तर पडलंच," तो म्हणाला. "भरा."

"नक्की?"

"भरा मॅडम. तिथंच खांब बसवा."

"घरी विचारून ये हवं तर."

"न्हाई."

त्यानं सिमेंटची रिकामी गोणी आणली आणि वर आलेली माती हातानं तिच्यात भरली. फावडं वापरलं नाही. शेवटी जमीन पुसून घ्यावी तशी दोन्ही तळव्यांनी गोळा केली. राधेश्याम गाडीवरून उतरला आणि गोणीचं तोंड धरून उभा राहिला. मग खांब उभा राहिला, काँक्रीट पडलं, आणि रांग पुढं गेली. पुढच्या भोकाला पुन्हा दणका बसला.

सुट्टी झाल्यावर राजानंदनं गोणी सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी आणली. दिवे लागायचे होते. शिवकन्या शेळ्या बांधत होती, पुंजाराम ओट्यावर होता. त्यानं गोणी ओट्याला टेकवून ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. पट्टीच्या खालच्या टोकाला. बरमा गेला. खांब बसला.

शिवकन्येनं शेळीची दोरी खुंटीला नीट गुंडाळली. "मला बोलवायचं व्हतं," ती म्हणाली.

"बोलवून काय दाखवणार व्हतो, माय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचंही बरोबर होतं.

पुंजारामानं गोणीचं तोंड उघडून आत बघितलं. मूठभर माती काढली, बोटांनी चुरली. "किती खोलवर मऊ लागलं?" त्यानं विचारलं.

"कमरेच्या वर. मंग मुरूम लागला."

"बराबर," पुंजाराम म्हणाला. "माझ्या छातीला लागत व्हता खड्डा. बाहेर निघाया येईना. हिनं हात देला मला." तो माती चुरत राहिला. "थर फोडून खाली जायचं व्हतं. वरल्या वर ठेवायची नव्हती."

"का?" शिवकन्येनं विचारलं.

पुंजारामानं गोणीतून आणखी एक मूठ काढली.

"माझ्या पाठची एक व्हती," तो म्हणाला. "माझ्या मायची. मी पाचसहा वर्षाचा असंन. ओढ्याला ठेवली तिला. वाळूत काय, उकरायला सोपं. दुसऱ्या रोजी मी गुरामागं गेल्तो तिकडं." त्यानं हात झटकला. "कुत्र्यांनी काढली व्हती. मी बघितलं. घरी कुणाला सांगितलं न्हाई. मायला तर बिलकुल न्हाई. मंग मला वाटलं, ह्या थराखाली कोण उकरील? कोल्हं न्हाई उकरणार, कुत्रं न्हाई उकरणार. माणसाला दिवसभर लागतं."

शिवकन्या शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "मी इचारलं व्हतं तुम्हाला," ती म्हणाली. "तवाच इचारलं व्हतं."

"व्हय."

"सांगितलं न्हाई."

"तू तिला मांडीवर घेऊन बसली व्हती. तुला कसं सांगावं?"

"नंतर सांगायचं व्हतं."

"नंतर ते ऱ्हाऊनच गेलं."

"मी समजले हक्कासाठी पुरली. लोक म्हणत व्हते." तिचा आवाज चढला नव्हता. "इतकी सालं मी तेच धरून बसले."

पुंजारामानं गोणीचं तोंड पुन्हा वळून बंद केलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. "ते बी व्हतं," तो म्हणाला. "लोक म्हणले तवा माझ्या बी मनात आलं, म्हणू द्या. कामी आलं तर येऊ दे. आधी ते नव्हतं. पण मंग ते बी व्हतं."

शिवकन्या आत गेली. चुलीतला निखारा फुंकायचा आवाज आला. थोड्या वेळानं भाकरी थापायचा आवाज आला. त्या दिवशी तिघंही जेवले, रोजच्याएवढंच. जेवताना शिवकन्येनं नवऱ्याच्या ताटात न विचारता अजून अर्धी भाकरी टाकली. त्यानं ती खाल्ली.

गोणीचं काय करायचं ते ठरेना. राजानंद म्हणाला, विहारापुढच्या पिंपळाच्या बुडाला टाकू. शिवकन्या नको म्हणाली. चार लोक विचारतील, ज्याला त्याला सांगत बसावं लागेल. ओढ्याचं नाव कुणी काढलं नाही. काही दिवस गोणी शेळ्यांच्या गोठ्याला टेकून होती. एकदा शेळीनं तिचा कोपरा चावला म्हणून शिवकन्येनं ती उचलून वर ठेवली. मग एके सकाळी पुंजाराम ती खांद्यावर घेऊन माळाकडं गेला. तोवर कंपनीनं तारेचं कुंपण घातलं होतं. कुंपणाच्या बाहेर, जिथून त्यांच्या पट्टीचं खालचं टोक सगळ्यात जवळ पडतं, तिथं त्यानं तरवडाच्या बुडाला माती ओतली आणि गोणी झटकून, घडी करून परत आणली.

पावसाळ्याआधी प्लेटा बसल्या. सगळा माळ निळा-काळा दिसायला लागला, आणि दुपारी कुंपणाजवळून जाताना डोळे मिटून घ्यावे लागत. ज्योत्स्ना मॅडम दुसऱ्या कामावर गेली. जाताना ती राजानंदला म्हणाली, तुझं नाव देऊन ठेवलंय, ते तुला ठेवतील. त्यांनी ठेवलं. धुरळ्यानं प्लेटा पांढऱ्या पडतात, त्या धुवायचं काम. टँकर यायचा. ज्या जमिनीला हंडाभर पाणी कधी कुणी घातलं नव्हतं, तिच्यावर आता पाईपनं पाणी मारलं जात होतं. ते पाणी प्लेटांवरून खाली गळायचं. थरात ते मुरत नव्हतं, वरच्या वीतभर मातीतच राहायचं, आणि त्यावर प्लेटांच्या काठाकाठानं गवत माजायला लागलं. पावसाळ्यात तर ते प्लेटांना टेकलं. सावली पडली की वीज कमी होते म्हणून कंपनीनं गवत कापायला बाया लावल्या.

शेजारच्या कांताबाईनं शिवकन्येला हाक मारली. "येती का? गवत बी आपल्यालाच नेऊ देऊन राह्यलेत. शेळ्यांना झालं."

शिवकन्या विळा घेऊन गेली. फाटकावरच्या माणसानं नाव लिहून घेतलं आणि आत सोडलं. आत सगळं सारखंच होतं. रांगा, खांब, सावली, पुन्हा रांगा. राजानंद वरच्या अंगाला पाईप घेऊन काम करत होता. तो खाली उतरून आला.

"माय, दाखवू का?" त्यानं हळूच विचारलं.

"दाखव."

त्यानं लांबूनच हात करून दाखवलं. ती त्या खांबाजवळ गेली. खांबाला हात लावला. लोखंड तापलेलं होतं. बुडाशी काँक्रीटचा गोल, त्याच्याभोवती गवत. तिनं वाट बघितली. पाण्याचे थेंब प्लेटेच्या कडेवरून एकेक पडत होते. कांताबाई दोन रांगा पुढं गेली होती आणि तिकडून काहीतरी विचारत होती, पेंढ्या आत्ताच बांधायच्या का मागून. शिवकन्येनं मागून म्हणून सांगितलं.

मग ती खाली बसली, मूठ भरून धरली, आणि तिथलंही गवत कापलं.